ब्रँडीतला रिच फ्रूट केक: ठाण्याच्या हवेत आणि ओटीजीत कसा जमवायचा?

येऊरवारा

नमस्कार मंडळी. नाताळसाठी ब्रँडीत मुरवलेला रिच फ्रूट केक घरी करायचा आहे. हाताशी २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे (वर-खाली सळया, पंखा नाही), ८ इंची गोल आणि ३ इंच उंच ॲल्युमिनियमचं भांडं आहे आणि वजनकाटा आहे. समोर जी पाककृती आहे ती ब्रिटिश: सुकी फळं ९०० ग्रॅम, लोणी, ब्राउन शुगर आणि मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, मोठी अंडी ४, एक चमचा ट्रीकल (साखरेचा काळा, दाट, कडवट पाक), १४० अंशांवर चार तास. आणि मग दोन-तीन महिने ‘थंड, कोरड्या जागी’ ठेवून अधूनमधून ब्रँडी घालत राहा म्हणतात. ऑक्टोबरअखेरीस ठाण्यात थंड आणि कोरडी जागा एकच, फ्रीज!

विचारायचं ते असं. फळं किती ब्रँडीत आणि किती दिवस भिजवायची, आधी धुवायची का? फळं तळाला बसतात ती कशामुळे? ओटीजीत चार तास ठेवल्यावर खालून कोळसा होणार नाही ना? ट्रीकलऐवजी इथलं काय चालेल? आणि या दमट हवेत बुरशी न धरता केक टिकतो का, की दोन-तीन महिन्यांचा नाद सोडून द्यावा?

बरणीवाली

भिजवण्याचं मी सांगते, भाजण्याचं मैदाचाळणी सांगतीलच.

९०० ग्रॅम फळांना १८० मिली ब्रँडी पुरते, म्हणजे नेमकी एक क्वार्टर. दुसरी क्वार्टर नंतर केकला पाजायला ठेवा. महागडी कोन्याक इथे वाया जाते, साधी भारतीय ब्रँडी घ्या. आपल्याकडे ती ४२.८ टक्के अल्कोहोलची असते आणि तेवढी तीव्रता हवीच. वाइन किंवा लिक्युअर तिच्याऐवजी चालेल असं समजू नका. रम चालते, चव जरा गुळचट येते. (आणायला जाणाऱ्याचं वय २५ पूर्ण हवं. परवाना नसेल तर एका दिवसाचा दुकानातच करून मिळतो.)

फळांचं माझं प्रमाण: काळ्या मनुका ३००, बेदाणे २५०, बिनबियांचा खजूर १००, जर्दाळू १००, अंजीर ५०, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल १०० ग्रॅम. लाल ‘चेरी’ म्हणून सुट्टी मिळते ती बहुतेक ठिकाणी रंगवलेली, पाकवलेली करवंदं असतात. चवीला वाईट नाहीत, पण भिजत घातली तर सगळी बरणी गुलाबी करतात. टुटीफ्रुटीचंही तेच. ही दोन्ही घालायचीच असतील तर अगदी शेवटी, मिश्रणात. काजू, बदाम, अक्रोडही बरणीत नकोत, मऊ पडून चामट होतात.

धुवायची का, तर बेदाणे धुवा. आपल्याकडचे सांगली-तासगावचे बेदाणे वाळवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढलेली असतात, आणि चमक यावी म्हणून कधी वरून तेलही चोळतात. तेलकट सालीतून ब्रँडी आत जायला वेळ लागतो. कोमट पाण्यात अर्धा मिनिट खळबळून चाळणीत निथळा आणि सुती कापडावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी हाताला ओल लागली तर ओटीजीत ८० अंशांवर पंधरा मिनिटं. ओली फळं बरणीत गेली की ब्रँडी पातळ होते, आणि पुढे तेच पाणी केकच्या मिश्रणात उतरतं.

जर्दाळू, अंजीर, खजूर बेदाण्याएवढेच चिरा. मोठा तुकडा जड असतो, तो आधी तळ गाठतो.

काचेची कोरडी बरणी तीन चतुर्थांश भरा, ब्रँडी ओता, झाकणाखाली बटर पेपरचा तुकडा ठेवून घट्ट लावा. रोज एकदा बरणी उलटी-सुलटी करा. यात हयगय नको. बुरशी धरते ती बुडलेल्या फळांना नाही, वर उघड्या राहिलेल्या कोरड्या थराला. किमान तीन दिवस, उत्तम दोन आठवडे. वर्षभर भिजवल्याच्या फुशारक्या वाचायला मिळतात, पण महिन्यानंतर चवीत फारसा फरक पडत नाही. खजूर मात्र विरघळून बरणीत चिखल होतो. जास्त दिवस ठेवणार असाल तर खजूर आदल्या दिवशी घाला.

एक मात्र कटाक्षाने पाळा: ब्रँडी कमी करून संत्र्याचा रस घातलात तर बरणी बाहेर ठेवू नका. अल्कोहोल पातळ झालं की साखरेवर यीस्ट काम सुरू करतं, झाकण फुगतं, आंबूस वास येतो. तशी फळं फ्रीजमध्ये, तीही दोनच दिवस.

वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला सुका मेवा चांगला मिळतो, पण तिथे घ्यायचा तर किलोच्या हिशोबाने. दोघी-तिघींनी मिळून घेतला तर परवडतो. ठाण्यात जांभळी नाक्याला पाव किलोही देतात.

मैदाचाळणी

येऊरवारा, तुमच्या पाककृतीत पहिला बदल अंड्यांचा. ब्रिटनमधलं ‘मोठं’ अंडं कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं, आपलं दुकानातलं साधारण ५०-५५ चं. चार अंडी मोजून घातलीत तर मिश्रण घट्ट आणि केक भुसभुशीत होईल. ५ अंडी घ्या, फोडून वजन करा, २२५ ते २३५ ग्रॅम भरलं पाहिजे.

ट्रीकलला आपली काकवी आहेच की. पण काकवी गोड असते आणि ट्रीकलला जो कडवट काळपटपणा असतो तो तिच्यात नसतो. तो कॅरॅमलने येतो. जाड बुडाच्या भांड्यात १०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे पाणी, मध्यम आच. रंग काळ्या चहासारखा गडद झाला आणि पहिला धूर दिसला की गॅस बंद करून ६० मिली उकळतं पाणी थोडं थोडं घाला. जोरात उसळतं, लांब दांड्याचा चमचा घ्या, तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर यातलं २ मोठे चमचे आणि काकवी १ मोठा चमचा. कॅरॅमल कोळशासारखं काळं झालं असेल तर टाकून द्या, कितीही साखर घातली तरी तो कडूपणा झाकत नाही.

बाकी साहित्यात ५० ग्रॅम बदामपूड वाढवा, केक जास्त दिवस ओलसर राहतो. भरडलेले काजू-बदाम १०० ग्रॅम, एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल (फक्त रंगीत भाग), आणि मसाला: दालचिनीपूड १ छोटा चमचा, जायफळ अर्धा, सुंठ पाव, लवंगपूड एक चिमूट. लवंग वाढली की केक दंतमंजनासारखा लागतो. बेकिंग पावडर घालू नका. केक फुगला की आतली जाळी सैल होते आणि फळांचं वजन तिला पेलत नाही.

आता तुमचा फळं तळाला बसण्याचा प्रश्न. मैद्यात घोळवून घ्या, की झालं, असं सगळे सांगतात. घोळवा जरूर (मोजलेल्याच मैद्यातले दोन चमचे), पण मूळ कारण मिश्रण पातळ असणं हे आहे, आणि आपल्याकडे ते पातळ होतं लोण्यामुळे. लोणी फेटायला १८ ते २० अंशांचं हवं, बोटाने दाबलं तर खळगा पडावा पण बोट तेलकट होऊ नये. आपल्या स्वयंपाकघरात ३० अंशांना ते वीस मिनिटांत ढिलं होतं, मग फेटून हवा भरत नाही, नुसतं तेल सुटतं. फ्रीजमधून काढून लगेच तुकडे करा, दहा मिनिटांनी फेटायला घ्या, आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेटा. ब्राउन शुगर घालून पाच-सहा मिनिटं पुरेत. स्पंज केकसारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटायचं नाही, इथे फार हवा नकोच आहे.

अंडी उलट फार गार नकोत. एकेक घाला, शेवटच्या दोन अंड्यांबरोबर एकेक चमचा मैदा. तरी फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, मैदा पडल्यावर जुळून येतं. कॅरॅमल, काकवी, साली घालून मग चाळलेला मैदा, मसाला, बदामपूड उलथन्याने हलक्या हाताने मिसळा. मग फळं. फळं आदल्या रात्री चाळणीत निथळत ठेवा आणि खाली जमलेली ब्रँडी केकला पाजायला राखून ठेवा, मिश्रणात ओतायची नाही. शेवटी मिश्रण असं हवं की चमचा उलटा केला तरी चिकटून राहावं, झटका दिल्यावरच धपकन पडावं. तसं झालं तर फळं जागची हलत नाहीत.

लोणी मीठवालं असेल तर वेगळं मीठ नको. बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा.

पामबीच_पाव

भट्टीची बाजू. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात १५-२० अंशांचा फरक सहज असतो. जाळीला अडकवायचा साधा ओव्हन थर्मामीटर आधी आणा. तासाभरात संपणाऱ्या केकला हा फरक खपून जातो, चार तासांच्या केकला नाही.

तुमची शंका खरी आहे, खालची सळई भांड्याच्या बुडापासून जेमतेम चार बोटं असते. म्हणून अस्तर जाड करायचं. आतून बटर पेपरचे दोन थर, बाजूचा पेपर काठाच्या दोन इंच वर. बाहेरून वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी सुतळीने बांधा, तीही काठाच्या वर येईल अशी. (१४० अंशांना कागद पेटत नाही, पण सळईला टेकता कामा नये.) जाळीवर आधी एक ट्रे, त्यावर दोन घड्यांचा वर्तमानपत्राचा कागद, त्यावर भांडं. काळ्या नॉनस्टिक भांड्यापेक्षा तुमचं ॲल्युमिनियमचं बरं, काळं भांडं कडा लवकर करपवतं.

मिश्रण भरल्यावर ओल्या चमच्याच्या पाठीने मध्ये उथळ खळगा करा. नाहीतर कडा आधी धरतात, मधला भाग उरतो, तो डोंगरासारखा वर येऊन तडकतो. तडा गेला याचा अर्थ बहुतेक वेळा ओव्हन जास्त तापला होता एवढाच.

१५० ला पंधरा-वीस मिनिटं तापवा, केक ठेवल्यावर १४०. खालच्या बाजूची जाळी, दोन्ही सळया चालू. दीड तासाने वर फॉइलचं सैल झाकण, त्याला मधोमध रुपयाएवढं भोक. पहिले दोन तास दार उघडायचं नाही. ओटीजीचा टायमर बहुधा ६० मिनिटांचा असतो, दर तासाला पुन्हा फिरवावा लागतो, त्यामुळे मोबाइलवर गजर लावा. सोसायटीत दुरुस्तीसाठी वीज जाणार अशी सूचना असेल तर तो दिवस सोडा. मध्येच दहा-पंधरा मिनिटं गेली तर दार बंद ठेवा, तेवढी कळ केक काढतो.

सव्वातीन तासांपासून तपासायला लागा. विणकामाची सुई तीन ठिकाणी घाला, एका जागी खजूर चिकटून आला तर फसगत होते. प्रोब थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश. आणि जुनी खूण म्हणजे कान लावा: आतून चुरचुर ऐकू येत असेल तर पाणी अजून उकळतंय, केक कच्चा आहे. आवाज जवळपास थांबला की बाहेर काढा.

येऊरवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः अंड्यांच्या वजनाबद्दल. हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

आणखी दोन गोष्टी. एकाऐवजी ६ इंची दोन केले तर प्रमाण आणि वेळ? आणि घरात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हही आहे, तो ओटीजीपेक्षा बरा का? टिकण्याचा प्रश्न अजून राहिलाय, त्यावर कोणी बोलेल का?

पामबीच_पाव

६ इंची गोल म्हणजे ८ इंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त, त्यामुळे सरळ निम्मं प्रमाण एकेका भांड्यात घाला. सव्वादोन ते पावणेतीन तास. ओटीजीत दोन्ही शेजारी मावत असतील तरच एकदम भाजा, भिंतीपासून इंचभर जागा सोडून, अर्ध्या वेळेनंतर भांड्यांची अदलाबदल करून. ७ इंची चौकोनी भांडं असेल तर त्यात ८ इंची गोलचंच पूर्ण प्रमाण बसतं.

कन्व्हेक्शनला पंखा असतो, वरचा पापुद्रा लवकर वाळतो. वापरायचा तर १२० ते १२५ अंश, बुटक्या स्टँडवर, फॉइल सुरुवातीपासून. टायमर दीड तासाला थांबत असेल तर लगेच पुन्हा लावायचा. मी ओटीजीच म्हणेन.

मैदाचाळणी

टिकण्याचं. केक भांड्यातच पूर्ण गार होऊ द्या, वर टॉवेल टाकून, रात्रभर. गरम असताना गुंडाळला तर वाफ आत अडकते, आणि बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

दुसऱ्या दिवशी बारीक सुईने वरून पंधरा-वीस भोकं, दोन तृतीयांश खोलीपर्यंत. छोट्या चमच्याने ३० मिली ब्रँडी थेंब थेंब. बटर पेपरमध्ये दोनदा गुंडाळा, मग फॉइल, मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. फॉइल केकला थेट लावायचं नाही, फळांच्या आंबटपणाने त्याला बारीक भोकं पडतात आणि राखाडी डाग केकवर उतरतात. दर आठवड्याला ३० मिली, एकदा वरून एकदा खालून.

दोन-तीन महिने मात्र नकोत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळं भिजवा, १५-२० तारखेच्या सुमारास केक भाजा, तोवर हवा जरा कोरडी झालेली असते. नाताळपर्यंत पाच आठवडे मिळतात, मुरायला पुरेसे आहेत. डबा गॅसच्या ओट्यावरच्या कपाटात नको, खालच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब.

बरणीवाली

मैदाचाळणीताई, दर आठवड्याला ३० मिली मला जास्त वाटतं. पाच आठवड्यांत १५० मिली होते. वरचा अर्धा इंच भिजून खिरीसारखा होतो, कापताना सुरीला चिकटतो. आपल्या दमट हवेत केकमधून काहीच उडून जात नाही. तिकडे थंडीत हीटर लावून घरं कोरडी पडतात, तिथे दर आठवड्याला द्यावी लागत असेल. इथे तीनच वेळा: भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग पंधरा दिवसांनी, मग शेवटी नाताळच्या आठवडाभर आधी.

आणि खाडीलगत, म्हणजे ऐरोली, कोपरखैरणे, कळवा बाजूला पहिले दोन आठवडे बाहेर ठेवून नंतर फ्रीजमध्येच ठेवावा. गुंडाळी तशीच, हवाबंद डब्यात. फ्रीजमध्ये शेजारी बोंबील असतील तर डब्याला दोन झाकणं कमीच! बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच सोडायची नाही. केक खोलीच्या तापमानाला आला की मग उघडा, नाहीतर हवेतलं पाणी थेट केकवर जमतं.

मैदाचाळणी

खाडीकाठचा मुद्दा मान्य. ३० मिलीबद्दल असं करू: बोटाने वर दाबून बघायचं. पृष्ठभाग कोरडा आणि घट्ट असेल तर द्या, चिकट लागला तर तो आठवडा सोडा. ६ इंचीला तसंही १५ मिलीच.

पांढरी किंवा हिरवट लव दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ नका, संपूर्ण टाका. साखरेचे बारीक पांढरे कण मात्र कधीकधी फळांवर जमतात, ते बोटावर चोळले की खरखरीत लागतात आणि विरघळतात. ती बुरशी नाही.

खारघर_कुकर

मध्येच विचारते. एवढे आठवडे हातात नसतील, समजा डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला, तर? आणि घरात मुलं, ज्येष्ठ मंडळी असतील तर बिनब्रँडीचा होतो का? ओटीजी नसेल तर कुकरमध्ये मीठ घालून भाजता येईल का?

मैदाचाळणी

उशीर झाला तर फळं शिजवून घ्यायची. तीच ९०० ग्रॅम फळं, २२५ लोणी, २२५ ब्राउन शुगर, १२० मिली ब्रँडी, ६० मिली संत्र्याचा रस एका पातेल्यात मंद आचेवर दहा मिनिटं खदखदू द्या. ढवळत राहा, खजूर बुडाला लागतो. पूर्ण गार करा, चार-पाच तास तरी. गरम मिश्रणात अंडी घातली तर त्यांची भुर्जी होते. मग ५ अंडी फेटून, आणि २२५ मैदा, बदामपूड, मसाला. यात लोणी वितळलेलं असल्याने मिश्रण थोडं सैल राहतं, म्हणून इथे मैदा २५ ग्रॅम वाढवा आणि अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर चालेल. भाजण्याची वेळ तीच. तिसऱ्या दिवसापासून कापण्याजोगा होतो.

ब्रँडी भाजताना उडून जाते असं समजून कोणाला केक देऊ नका. भाजताना काही भाग उडतो, सगळा नाही, आणि नंतर पाजलेली तर जशीच्या तशी आत असते. मुलांना, गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्यांना, किंवा दारू न चालणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगायचं.

बिनब्रँडीचा करायचा तर वरच्याच पद्धतीने, ब्रँडीऐवजी गडद कोरा चहा आणि संत्र्याचा रस निम्मा-निम्मा, एकूण १८० मिली. वरून काही पाजायचं नाही. तो मुरवायचा केक नव्हे. फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा.

पामबीच_पाव

कुकरचं नाही जमायचं. पाण्याविना तीन-चार तास कुकर तापवला तर रबर आणि झडप दोन्ही जातात, आणि आतलं तापमान १४० वर धरून ठेवायला काही साधन नाही. अगदीच करायचा तर जाड बुडाच्या कढईत, घट्ट झाकण लावून, ४ इंची भांड्यात पाव प्रमाणाचा. आच सगळ्यात बारीक, खाली जाळीचा स्टँड, झाकणाला आतून कापड बांधलेलं, म्हणजे वाफेचे थेंब केकवर पडणार नाहीत. कापडाची टोकं वर बांधा, ज्योतीजवळ लोंबू देऊ नका. पावणेदोन तासांपासून सुई घालून बघायला लागा.